एका बाईला एकच गोष्ट

आक्का, तुझ्या जाण्याने राजारामपुरीतल्या एका पर्वाचा अस्त झाला.

हे वाक्य माझं नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फ्लेक्सवर ते आहे. तुझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापलाय. त्यात तू अशी बघते आहेस, की कुणीतरी तुझी कात्री न विचारता नेली आहे. खाली शोकाकुल म्हणून एकवीस जणांची नावं आहेत. त्यांतल्या निम्म्यांना तू ओळखत नव्हतीस आणि उरलेल्यांना चांगलीच ओळखत होतीस. शेजारी एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, तो तुझ्या पर्वाच्या तिप्पट आहे. पर्व नेमकं कसलं, ते फलकावर लिहिलेलं नाही. दिवाळीचे ब्लाऊज तुळशीच्या लग्नाला देण्याचं पर्व, असं कुणाला म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं, दुकान कसं उभं राहिलं, हे मी इथे लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं काही अडलेलं नाही. मला लिहायचंय ते माझ्या नातीबद्दल, जुईबद्दल. तिच्यापायी आपण दोघं बहीण-भाऊ गेली चार वर्षं भांडत होतो. तू मोठी, त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी तुझाच असायचा. आता तो कायमचा तुझा झाला, आणि हे काही बरोबर केलं नाहीस.

तिचं सगळं सुरू झालं ते गणवेशापासून. जुई चार वर्षांची होती आणि शाळेचा फ्रॉक अंगावर चढला की किंचाळायची. रोज सकाळी तासभर तेच. सूनबाई स्मिता आधी समजवायची, मग रागवायची, मग मोरीत जाऊन रडायची. मुलगा ऑफिसला लवकर जायला शिकला होता. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं सांभाळली, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. पोरीला शिस्त नाही, हे माझं मत होतं. एका सकाळी स्मितानं तिला तशीच पेटीकोटवर स्कूटरच्या पुढे उभी करून तुझ्या दुकानात आणलं. मी मागोमाग चालत आलो. तू फ्रॉक हातात घेतलास, उलटा केलास आणि आतली शिवण स्वतःच्या गालावर घासून बघितलीस. एकदा नाही, चार-पाच वेळा.

"अगं, टोचतंय की हे," तू म्हणालीस. "पोरगी खरं बोलतीया आन् तुम्ही सगळी मिळून तिला खोटं पाडताय व्हय?"

तिच्यावर विश्वास ठेवणारी तू पहिली. मग तू त्या फ्रॉकच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्यास, वरून मऊ पट्टी लावलीस, मानेमागचं लेबल कापून टाकलंस. जुईनं तो घातला, दोनदा गोल फिरली आणि म्हणाली, "हा मला चावत नाही." शिवण बाहेर दिसते म्हणून शाळेनं हरकत घेतली, तेव्हा तू गळ्यातला टेपसुद्धा न काढता शाळेत गेलीस. तिथे काय बोललीस ते मला कधीच कळलं नाही. हरकत परत आली नाही. पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका मात्र आल्या, ब्लाऊज शिवायला.

डॉक्टरांचा अहवाल त्यानंतर दोन वर्षांनी आला. तोवर तू तिचे अकरा फ्रॉक शिवले होतेस.

अहवालात ॲस्पर्जर असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. बुद्धी चांगली आहे, भाषा वयाच्या पुढची आहे. पण माणसं बोलतात त्याच्यामागे जे न बोललेलं असतं, ते तिला आपोआप कळत नाही. आवाज, स्पर्श, अचानक झालेला बदल तिला सोसत नाही. एखाद्या विषयात शिरली की तळ गाठूनच वर येते. हल्ली हे वेगळं नाव मागे पडलंय आणि स्वमग्नतेतच ते धरतात, हेही ते म्हणाले. मला तो स्वमग्न शब्द कधी पटला नाही. तू माप घेताना आकडे ओरडायचीस आणि जुई ते वहीत उतरवून घ्यायची. गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या बाहीची लांबी तिला पाठ आहे. ती स्वमग्न, आणि चौकात स्वतःचा दहा फुटी फोटो लावणारा समाजसेवक!

अहवाल मी तुला वाचून दाखवला. तू सुईत दोरा ओवत ऐकलंस.

"एवढं लांब नाव? ह्याला कापड किती लागंल?"

"आक्का, चेष्टा नको. लोकांना हे सांगायला पाहिजे."

"नाव डॉक्टरच्या फायलीत ठेव. गल्लीला ते घेऊन काय करायचंय?"

इथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं असं, की लोकांना कळलं नाही तर ते स्वतःचं काहीतरी लावतात. ते लावतच होते. आगाऊ, लाडावलेली, एकलकोंडी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "बिचारी". शिवाय आपल्या गावाची माया कर्कश. रस्त्याच्या पलीकडून हाक, पाठीत धपाटा, गालगुच्चा, आणि "जेवलीस का?" असं विचारून उत्तर न ऐकता पुढे जायचं. जुई थांबून उत्तर द्यायची: दीड चपाती, भेंडीची भाजी, भात नाही, ताक अर्धी वाटी. तोवर विचारणारा कोपरा ओलांडून गेलेला असायचा. ती त्या रिकाम्या रस्त्याला ताकापर्यंत सगळं सांगून टाकायची.

म्हणून मी व्याख्यान ठरवलं. ज्या माणसानं जन्मभर सत्कार-समारंभांची टिंगल केली, तोच निमंत्रक झाला. मंडळाचा हॉल, मागे बॅनर, त्यावर "चला, समजून घेऊया". डॉक्टर आले तर कार्यकर्त्यांनी त्यांना आधी फेटा बांधला. मग शाल, मग नारळ, मग दीपप्रज्वलन, मग दिवा विझला म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन. प्रास्ताविक, परिचय, मनोगत. पाऊण तास हे चाललं आणि डॉक्टरांना बोलायला बारा मिनिटं मिळाली. फेटा कानावर आल्यामुळे त्यांना प्रश्न ऐकू येत नव्हते. त्यातच माईक असा किंचाळला, की जुई दोन्ही हात कानांवर ठेवून टेबलाखाली गेली. अध्यक्षांनी वाकून तिच्याकडे बोट दाखवलं आणि माईकवरून सांगितलं, "हीच ती आपली चिमुकली! जोरदार टाळ्या होऊ द्यात!"

टाळ्या झाल्या.

पुढे महिनाभर सगळी गल्ली तिच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलत होती. भाजीवाल्या सुशीलाबाई तर एकेक अक्षर सुटं करून विचारायच्या, "जु-ई-बा-ळ, ब-री हा-य-स का?" एक दिवस जुईनं मला विचारलं, "आजोबा, यांना ऐकू कमी येतं का? की यांनाही अहवाल मिळाला आहे?"

तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. तू बोलतीस तर मला बरं वाटलं असतं. उलट दुसऱ्या दिवसापासून तू तुझं सुरू केलंस, आणि ते माझ्या लक्षात यायलाच दोन-तीन महिने गेले. तू ते माप घेताना करायचीस. बाईचे दोन्ही हात वर, छातीभोवती टेप, हलली तर माप चुकणार. अशी बाई कुठे जात नाही आणि मध्ये बोलतही नाही. तेवढ्यात तू तिला जुईबद्दल सांगायचीस. एकच गोष्ट.

खालच्या मजल्यावरच्या विमलवहिनींना सांगितलंस, "पोरीच्या गालाला हात लावू नकोस. हात पुढं कर, ती देती." शाळेच्या रिक्षावाल्याची बायको, शबाना, तिला, "तुझ्या मालकास्नी सांग, रस्ता खणलाय म्हणून दुसरीकडनं न्यायचं झालं तर निघायच्या आधी सांगायचं. मग कुठनं बी न्या." वर्गशिक्षिका पाटीलबाईंना, "बस की जरा, आसं म्हणू नका. कुठं बसायचं, किती वेळ, म्होरं काय, तेवढं सांगा. बसंल." आणि सुशीलाबाईंना काय सांगितलंस देव जाणे, पण त्या माणसासारखं बोलायला लागल्या.

मी विचारलं, एकीला एकच का? तू बॉबिन भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दोन सांगितल्या की बाई गावभर सांगत सुटती. एक सांगितली की करती."

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही, हे तुला सांगितलं पाहिजे. तू गेलीस म्हणून मी हार मानणार नाही. मी म्हणायचो, या बायकांना तुकडे माहीत आहेत, माणूस माहीत नाही. त्यांना नावही माहीत नाही. उद्या जुई या गल्लीच्या बाहेर जाईल, कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, तिथे तू टेप घेऊन जाणार आहेस का? तिला स्वतःला तरी हे नाव कळायला नको का? त्यावर तू म्हणायचीस, "तिला सांग. तिचं हाय ते, तिला सांगायलाच पायजे. मी लोकांचं म्हणतो." आपल्या कोल्हापूरच्या बायकांसारखी तू कायम "मी म्हणतो, मी जातो" असंच बोललीस. जुई मात्र तुझ्या मांडीला मांडी लावून बसायची आणि बातम्या द्याव्यात तसं शुद्ध बोलायची. दोघींचं एकमेकींवाचून काही अडलं नाही.

आणि मी म्हणायचो, "तू नसलीस तर?"

"तू हाईस की."

"मी ब्लाऊज शिवत नाही."

"मग दाढ्या कर लोकांच्या. त्यात बी हलता येत न्हाय."

एकदा मी तुला मुद्दाम विचारलं होतं, की सगळ्यांना एकेक सांगितलंस, मला काय सांगशील? तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. "तुझं माप अजून घेतल्यालं न्हाय, दत्त्या." ते राहून गेलं. गेले बारा दिवस मी अंदाज करतोय. काही अंदाज फार सुखाचे नाहीत.

त्यांतला एक तुला सांगतो. तू गेलीस त्या दुपारी दवाखान्यातून घरी आलो आणि जुईला सांगितलं. लपवलं नाही, "देवाघरी" वगैरे म्हणालो नाही, सरळ सांगितलं. तिनं विचारलं, "किती वाजता?" मी म्हणालो, सव्वाबारा. तिनं विचारलं, "तेव्हा खोलीत कोण होतं? पंखा चालू होता का?" आणि माझा तोल गेला. मी तिच्यावर ओरडलो, "तुला काही वाटतं का गं?" ती उठून तुझ्या दुकानात गेली आणि कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. ॲस्पर्जरवर मी दोन फळ्या भरून पुस्तकं वाचली आहेत, आक्का. वेळ, जागा, पंखा हे धरून ती तुझ्यापर्यंत पोचू बघत होती, हे मला संध्याकाळी कळलं. एका दुपारपुरतं कळायला पाहिजे होतं, तेव्हा कळलं नाही.

नंतर मी तिची माफी मागितली आणि तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली. तू उत्तरेकडच्या खिडकीकडे तोंड करून होतीस, पंखा दोनवर होता, खोलीत मी आणि स्मिता होतो. तिनं मान हलवली. रडली नाही.

काल तुझा बारावा झाला. तुझ्या दुकानात मशीन एका बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. हातकणंगल्याहून तुझ्या नणंदबाई आल्या, सुभद्राआत्या. त्यांचा आवाज तुला माहीतच आहे, शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारून घडलेला. जुई भिंतीशी बसली होती, हल्ली रोज घालते तोच पांढऱ्या ठिपक्यांचा निळा फ्रॉक घालून. आत्यांनी हुंदका आवरला, तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढा जीव लावला म्हातारीनं, आन् पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाय बघा. दगूड हाय का काय?"

स्मिता उठायला लागली. तिला जुईला घेऊन घरी जायचं होतं. मला माहीत होतं, की आज ही पोर या खोलीतून उठून गेली तर "दगूड" हा शब्द तिला कायमचा चिकटेल. या गल्लीत चिकटलेले शब्द निघत नाहीत. मी घसा खाकरला. "आत्या, त्याचं असं आहे, की मेंदूची जडणघडण काही मुलांमध्ये..."

"मेंदूचं ऱ्हाऊ द्या, दत्ताभाऊ," आत्या म्हणाल्या आणि जुईचा गाल धरायला पुढे सरकल्या.

विमलवहिनींनी मध्येच त्यांचा हात धरला. "गालाला नको, आत्या. हात पुढं करा. ती देती."

कोपऱ्यात मोबाईलला जोडलेला स्पीकर भजन ओकत होता. शबाना उठली आणि तिनं तो बंद केला. म्हणाली, "रस्ता बदलायचा तर आधी सांगायचं असतंय. कुणी सांगितलंय का तिला आज काय काय हाय ते?" तेव्हा पाटीलबाई जुईच्या शेजारी जाऊन बसल्या, तिला न शिवता. "हे बघ, जुई. आता दहा मिनिटं बायका बोलतील. मग नैवेद्य, तो बाहेर. मग आपण जेवणार. त्यानंतर सगळे घरी." जुईचे खांदे खाली आले. सुशीलाबाई गंभीरपणे उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. का, ते कुणालाच कळलं नाही. तू त्यांना हेच सांगितलं होतंस, की त्यांनी काहीतरी करायचं म्हणून केलं, हे आता विचारायची सोय नाही. खोलीत फार उकडलं.

मी भिंतीला टेकून बघत होतो. माझ्या व्याख्यानाला त्यांतल्या दोघीच आल्या होत्या. एकीलाही ते लांब नाव सांगता आलं नसतं. प्रत्येकीकडे एकेक तुकडा होता, आणि तो तिनं वेळेवर काढून दिला. भांडणात एवढं तुझ्या बाजूनं लिहून ठेवतो. माझी बाजू मी सोडलेली नाही, पण काल बोलायला तोंड नव्हतं.

आत्यांनी हात पुढे केला. जुईनं थोडा विचार करून आपला हात दिला. मग तिनं उत्तर दिलं; तिला प्रश्न विचारला गेला होता आणि इतक्या गडबडीत कुणी उत्तराची वाट बघितली नव्हती.

"मी दगड नाही," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. ते का येत नाही, मला माहीत नाही. पण मी बारा दिवस हाच फ्रॉक घालते आहे, कारण आक्काआजीने शिवलेला हा शेवटचा आहे. यानंतरचे सगळे टोचतील."

स्मितानं तोंडावर पदर धरला. रोज संध्याकाळी तो फ्रॉक धुवायला पडायचा आणि सकाळी ओलसर असला तरी अंगावर चढायचा. तिला तो हट्ट वाटला होता. मी तर परवाच म्हणालो होतो, पाहुणे येतायत, जरा दुसरा घाल. आम्ही एका घरात राहतो, आक्का.

सुभद्राआत्या ढसाढसा रडल्या. जुईचा हात त्यांनी सोडला नाही, पण आवळलाही नाही. "चुकलं गं माझं, लेकरा," म्हणाल्या. मग नाक पुसून, सगळ्या खोलीकडे वळून, त्या तुझ्याबद्दल बोलायला लागल्या. अशी शिवणारी बाई आता व्हायची न्हाय. तिच्या बोटांत देव हुता. चाळीस वर्सं तिच्या हातचं घातलं, कधी दोरा उसवला न्हाय, कधी माप चुकलं न्हाय. हे अंगावरचं पोलकं बी तिचंच. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मलाही, खरं सांगायचं तर, समोरचं नीट दिसत नव्हतं.

जुई हातात धरलेल्या त्या हातावरून आत्यांच्या दोन्ही बाह्यांकडे बघत होती.

"उजवी बाही साडेदहा इंच आहे," ती म्हणाली. "डावी दहा."

कुणी हसलं नाही. शबानानं मशीनच्या खणातून टेप काढून दिला. आत्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. जुईनं आधी उजवी मोजली, मग डावी.

डावी दहाच भरली.